घरच्या पटावरचा बाँबहल्ला : ‘अ‍ॅक्सिस अँड अलाइज’साठी घरगुती नियम रचण्याची आणि तोलण्याची पद्धत

बडोद्यात दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीत, आमच्या जुन्या घराच्या माडीवर, रविवारी दुपारी दुसऱ्या महायुद्धाचा पट मांडला जातो. पट चौरंगावर मावत नाही, म्हणून जाजमावर पसरतो आणि फासे पितळी परातीत टाकतो. सेव-उसळ आधी खाऊन हात धुतल्याशिवाय कोणी सोंगटीला हात लावायचा नाही, हा आमचा पहिला घरगुती नियम आहे आणि तो आजवर कोणी मोडलेला नाही. दुसरा घरगुती नियम बाँबहल्ल्याचा. तो बसवायला मात्र बरेच महिने लागले, आणि त्या काळात जे काही समजले ते नीट मांडावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

‘अ‍ॅक्सिस अँड अलाइज’ हा लॅरी हॅरिस यांनी रचलेला खेळ १९८१ मध्ये नोव्हा गेम्सने प्रथम काढला आणि १९८४ मधील मिल्टन ब्रॅडलीच्या आवृत्तीमुळे तो घरोघरी पोहोचला. पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. पुढचे सर्व आकडे मी २०१२ च्या ‘१९४२ : दुसरी आवृत्ती’ या संचाला धरून दिले आहेत, कारण आमच्याकडे तोच आहे. आपला संच वेगळा असेल तर किमती बदलून हिशेब पुन्हा मांडावा. पद्धत तीच राहील.

नियम बदलायची गरज का भासली, ते एका वाक्यात सांगता येते. आमच्या डावात जर्मनी नेहमी माझ्या मामांकडे असतो. एका रविवारी लागोपाठ चौथ्या पाळीत ब्रिटनची आणि अमेरिकेची बाँबर बर्लिनवर आली, परातीत फासे पडले, आणि मामा शांतपणे म्हणाले, “अरे, मी इथे खेळायला बसलोय की नुसते पैसे मोजून द्यायला?” आम्ही ज्या नियमाने खेळत होतो त्यातली उणीव त्यांनी नेमकी पकडली होती. हल्ला करणारा कुठे जायचे, किती बाँबर पाठवायची हे ठरवतो. ज्याच्यावर हल्ला होतो तो फक्त विमानविरोधी तोफेचा फासा टाकतो आणि जे दान पडेल ते सोसतो. माझ्या मते चांगल्या घरगुती नियमाची कसोटी हीच आहे, की फासा पडण्यापूर्वी दोन्ही बाजूंना काहीतरी ठरवायला मिळाले पाहिजे, आणि ते ठरवणे अवघड वाटले पाहिजे.

पहिली पायरी : छापील नियम आणि त्याचा हिशेब

कोणताही बदल करण्यापूर्वी मूळ नियम कागदावर लिहून काढावा, कारण निम्मे वाद मूळ नियम चुकीचा आठवत असल्यामुळे होतात. आमच्या संचात, फायटरची सोय बाजूला ठेवली तर, तो असा आहे. बाँबरची किंमत १२ आयपीसी आहे. आयपीसी म्हणजे खेळातले उत्पादनाचे चलन. बाँबर शत्रूच्या कारखान्यावर पोहोचले की कारखान्याची स्वतःची तोफ प्रत्येक बाँबरमागे एक फासा टाकते आणि एक पडला तर ते बाँबर पडते. वाचलेले प्रत्येक बाँबर एक फासा टाकते आणि जो आकडा येईल तितके नुकसान कारखान्यावर चढते. हे नुकसान त्या प्रदेशाच्या आयपीसी मूल्याच्या दुपटीपर्यंतच चढू शकते. जितके नुकसान, तितक्या कमी सोंगट्या त्या कारखान्यातून पटावर उतरवता येतात, आणि एका आयपीसीला एक याप्रमाणे दुरुस्ती करता येते.

आता हिशेब. बाँबर वाचण्याची शक्यता सहात पाच आणि एका फाशाची सरासरी साडेतीन, म्हणजे दर हल्ल्याला सरासरी २.९२ नुकसान होते. बाँबर पडण्याची शक्यता सहात एक आणि किंमत १२, म्हणजे दर हल्ल्याला सरासरी २ आयपीसी गमवावे लागतात. हल्ला करणाऱ्याची बाजू ०.९२ ने वर राहते. हाच हिशेब आयुष्यभराचाही मांडता येतो : पडण्यापूर्वी एक बाँबर सरासरी पाच वेळा यशस्वी हल्ला करते, म्हणजे १२ आयपीसी घालून १७.५ चे नुकसान केले जाते. १९८४ च्या आवृत्तीत बाँबर १५ ला मिळत असे, त्यामुळे हा फायदा फार किरकोळ होता. याउलट ‘१९४०’ या मोठ्या संचाच्या दुसऱ्या आवृत्तीत बाँबरच्या फाशात दोन मिळवले जातात. तिथे तोच हिशेब १२ विरुद्ध २७.५ असा होतो, आणि आकाश बाँबरनी काळे करून टाकणारे खेळाडू तिथे का आढळतात हे कळते.

मात्र नुकसानीचा आकडा म्हणजे सरळ खिशातून गेलेला पैसा, असे धरू नये. जर्मनीचे मूल्य १० आहे. त्याच्यावर चार नुकसान चढले आणि मामांना त्या पाळीत सहाच सोंगट्या उतरवायच्या असल्या, तर ते दुरुस्ती करतच नाहीत आणि हल्ला त्या पाळीपुरता वाया जातो. भारताचे मात्र उलट आहे. या संचात भारताचा कारखाना ब्रिटनकडे असतो आणि मूल्य फक्त ३ असते. जपानच्या एकाच बाँबरने तीन पाडले की दुरुस्ती केल्याशिवाय तिथून एकही सोंगटी निघत नाही. नियम तोलताना म्हणून मोठा आणि छोटा असे दोन्ही कारखाने डोळ्यांसमोर ठेवावेत. केवळ बर्लिन पाहून केलेला नियम कलकत्त्यावर फार जड पडतो.

दुसरी पायरी : खुणा आणि क्रम

बदल करायचे म्हणजे पटावर जास्त खुणा लागणार. आम्ही चिंचोके वापरतो. आजीच्या काळात सोंगट्यांच्या डावात फोडलेले चिंचोके फाशासारखे टाकत असत. तसाच चिंचोका मधोमध फोडला की एक बाजू तपकिरी आणि दुसरी पांढरी मिळते. तपकिरी बाजू वर असेल तर कारखान्याचे नुकसान आणि पांढरी बाजू वर असेल तर इंधनाचे, असा आमचा संकेत आहे, आणि त्यामुळे एकाच वाटीतल्या खुणांनी दोन्ही कामे भागतात. फोडलेला चिंचोका सपाट बसतो, घरंगळत नाही. पंखा चालू असला तरी कागदी चकतीप्रमाणे उडत नाही.

यानंतर हल्ल्याचा क्रम ठरवून एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावा व तो पटाशेजारी ठेवावा. आमचा क्रम असा आहे : प्रथम हल्ला करणारा प्रदेश, वेळ (दिवस की रात्र) व लक्ष्य (कारखाना की इंधन) जाहीर करतो, मग बचाव करणारा अडवायला किती फायटर उठवायची ते सांगतो, त्यानंतर हवेतली लढाई एकच फेरी होते, मग कारखान्याची तोफ, मग नुकसानीचे फासे, आणि शेवटी विमाने परततात. एकदा उच्चारलेली घोषणा मागे घेता येत नाही. हा क्रम कागदावर आल्यावर आमच्याकडचे निम्मे वाद तिथेच थांबले, म्हणून तो टाळू नये असा माझा आग्रह आहे.

तिसरी पायरी : अडवणारी आणि पाठराखी फायटर

बचाव करणाऱ्याला निर्णय द्यायचा तर सर्वात सरळ वाट ही, की त्या प्रदेशात उभी असलेली त्याची फायटर बाँबरना अडवायला उठू शकावीत. आणि ती उठू शकत असतील तर हल्ला करणाऱ्यालाही बाँबरसोबत फायटर धाडता आली पाहिजेत. लग्नात नवरीबरोबर पाठराखीण जाते त्यावरून आमच्या घरातल्या बायकांनी या फायटरना ‘पाठराखी’ हे नाव दिले आणि आता पुरुषही तेच वापरतात. आमच्या संचासह काही आवृत्त्यांत अशी सोय छापील नियमांतच असते. ज्यांच्या संचात ती आहे त्यांनी छापील आणि घरगुती असे दोन नियम एकमेकांत मिसळू नयेत, कोणता तरी एकच घ्यावा.

या नियमाच्या मागे इतिहासही आहे. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी अमेरिकेची २९१ बी-१७ विमाने जर्मनीतील श्वाइनफुर्टच्या बेअरिंग कारखान्यांवर निघाली आणि त्यांतली ६० परतली नाहीत, कारण तेवढ्या आत शेवटपर्यंत सोबत करू शकेल असे फायटर त्यांच्यापाशी नव्हते. त्यानंतर जर्मनीच्या आतवर दिवसा आणि सोबतीविना जाणे थांबवावे लागले. इंधनाच्या जादा टाक्या लावलेली पी-५१ मस्टँग आली तेव्हा चित्र पालटले. बडोदेकरांना यात आणखी एक आपलेपणाचा धागा सापडेल. रॉयल एअर फोर्सच्या १२४ व्या स्क्वाड्रनला आपल्या संस्थानावरून ‘बडोदा’ हे नाव मिळाले होते. मे १९४१ मध्ये स्कॉटलंडमधील कॅसलटाउन येथे ती पुन्हा उभी राहिली, स्पिटफायर उडवत राहिली, आणि १९४४ मध्ये बाँबरची पाठराखण हेही तिचे एक काम होते. आमच्या पटावर ब्रिटनच्या एका फायटरच्या शेपटीला म्हणूनच भगव्या रंगाचा ठिपका दिलेला आहे.

आता नियम. आमचा पहिला मसुदा दिसायला अगदी न्याय्य होता : अडवणारे फायटर एक किंवा दोन पडल्यास विमान पाडते, आणि हल्ला करणाऱ्याचे प्रत्येक विमान, म्हणजे पाठराखे फायटर आणि बाँबरसुद्धा, एक पडल्यास अडवणाऱ्याला पाडते. खऱ्या बाँबरवर तोफा असत, तेव्हा त्यांनाही फासा द्यावा, असे सर्वांचे मत पडले. पाच डाव झाले. मामांनी पहिल्या डावात उत्साहाने फायटर उठवली, दुसऱ्यात जपून, आणि तिसऱ्यापासून उठवणेच सोडले. तेव्हा मी वही घेऊन बसलो, आणि जे मी आधी करायला हवे होते ते नंतर केले.

तीन बाँबर, दोन पाठराखी आणि समोर दोन अडवणारी फायटर घेऊ. फायटरची किंमत १० आहे. अडवणारे दोन फासे टाकतात आणि सरासरी दोन-तृतीयांश विमान पाडतात, म्हणजे हल्ला करणाऱ्याचे ६.६७ आयपीसी जातात. तिकडे हल्ला करणाऱ्याचे पाच फासे पडतात आणि ते सरासरी ०.७९ फायटर पाडतात, म्हणजे बचाव करणाऱ्याचे ७.९४ जातात. याचा अर्थ अडवायला उठणाराच जास्त गमावतो! घरी बसून राहावे हेच त्याच्या हिताचे ठरते. आम्ही मामांना निर्णय दिला होता, पण त्याचे उत्तर आधीच ठरलेले होते, आणि मामांना ते वहीशिवाय समजले होते.

दुसऱ्या मसुद्यात बाँबरचा फासा काढून टाकला. आजही चालू असलेला नियम असा : अडवणारे एक किंवा दोनवर पाडतात, पाठराखे एकवर पाडते, बाँबर हवेतल्या लढाईत फासा टाकत नाही, आणि पाठराखी फायटर शिल्लक असेपर्यंत लागलेला प्रत्येक घाव आधी त्यांच्यावर जातो, मगच बाँबरवर. दोन्ही बाजूंचे फासे एकदमच मोजले जातात, म्हणजे पडणाऱ्या फायटरलाही आपला फासा मिळतो.

वरचाच प्रसंग या नियमाने मोजू. पाठराखी दोन असल्याने तिन्ही बाँबर तोफेपर्यंत पोहोचतात. तोफेमुळे सरासरी अर्धे बाँबर, म्हणजे ६ आयपीसी जातात, हवेत ६.६७ गेलेले आहेत, एकूण १२.६७. मिळकत म्हणजे ८.७५ चे नुकसान आणि हवेत पडलेल्या फायटरचे ३.३३, एकूण १२.०८. हल्ला जवळजवळ बरोबरीत सुटतो. बचाव करणारा उठलाच नसता तर हल्ला करणारा २.७५ ने वर राहिला असता. पाठराखी नसती आणि तरीही बाँबर दोन फायटरच्या तोंडी गेली असती, तर हल्ला करणाऱ्याने ६.८१ चे नुकसान करण्यासाठी १२.६७ घालवले असते. आता दोघांनाही विचार करावा लागतो. पाठराखी न्यावीत तर ती आघाडीवरच्या लढाईला मिळत नाहीत. न न्यावीत तर श्वाइनफुर्ट होते.

तरीही एक भोक राहिले होते. बचाव करणाऱ्याची फायटर एकाच पाळीत आधी बाँबरना अडवत आणि मग त्याच प्रदेशावर जमिनीवरून हल्ला आला तर तिथेही पूर्ण जोमाने लढत. आम्ही अट घातली, की अडवायला उठलेले फायटर त्या पाळीत जमिनीवरच्या लढाईत भाग घेणार नाही. प्रदेश शत्रूच्या हाती गेला तर ते शेजारच्या आपल्या प्रदेशात उतरेल, आणि तसा प्रदेशच नसेल तर गमावले जाईल. या एका अटीने बाँबहल्ला आणि रणगाड्यांचा हल्ला एकत्र करण्याला खरा अर्थ आला. गेल्या पावसाळ्यात एका डावात रशियाच्या खेळाडूने, म्हणजे माझ्या वहिनीने, एक बाँबर जर्मनीवर पाठवले आणि त्याच वेळी रणगाडेही लावले; मामांना चार फायटर कुठे लावायची हे ठरवायला इतका वेळ लागला, की खालून दोनदा चहासाठी हाक आली.

पल्ल्याचा मुद्दा थोडक्यात. फायटर चार घरे आणि बाँबर सहा घरे चालते, म्हणून त्याच तळावर परतायचे तर पाठराखे दोन घरांपर्यंत आणि बाँबर तीन घरांपर्यंत जाऊ शकते. हा फरक तसाच ठेवावा. पाठराख्यांना जादा पल्ला देण्याचा मोह होतो, पण तो दिला की खोल हल्ल्यातला सगळा धोकाच निघून जातो.

चौथी पायरी : दिवस की रात्र

ही निवड हल्ला करणाऱ्याची, आणि ती अडवणारी फायटर जाहीर होण्याआधीच बोलून दाखवायची. रात्रीच्या हल्ल्यावर फायटर उठू शकत नाहीत. तोफ मात्र नेहमीप्रमाणे एकवरच पाडते. नुकसानीचा फासा निम्मा करून वरच्या पूर्णांकात घ्यायचा, म्हणजे सरासरी २ येते. हिशेब केल्यास दर बाँबरमागे १.६७ नुकसान आणि २ आयपीसीचा धोका. हल्ला करणारा किंचित तोट्यात. पण समोर फायटर दाटीने उभी असतील आणि पाठराखी हाताशी नसतील, तर दिवसा जाण्यापेक्षा हा तोटा पुष्कळ कमी आहे. छोट्या कारखान्याला एक पाळी थोपवून धरायचे असेल तर तो परवडतोही.

नुकसान निम्मे का, याला आधार आहे. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये तयार झालेल्या बट अहवालात रात्रीच्या हल्ल्यांची छायाचित्रे तपासली गेली, आणि लक्ष्यावर हल्ला केल्याची नोंद असलेल्या विमानांपैकी फक्त एक-तृतीयांश विमाने लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचली होती असे आढळले. म्हणूनच पुढच्या पायरीत येणारे इंधनाचे लक्ष्य आम्ही रात्री निवडू देत नाही. जिथे पाच मैलांची खात्री नाही, तिथे टाक्या कशा सापडणार?

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. रात्रीच्या खऱ्या हल्ल्यांत शहरे जळाली आणि माणसे मेली, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. एकदा धाकट्या भाच्याने ‘शहर’ हेही एक लक्ष्य ठेवावे असे सुचवले, आणि आम्ही सर्वांनी बसून त्याला नाही म्हटले, का ते समजावूनही सांगितले. आमच्या पटावर कारखाना आणि इंधन ही दोनच लक्ष्ये आहेत.

पाचवी पायरी : इंधनाचे लक्ष्य

१९४४ च्या मे महिन्यापासून मित्रराष्ट्रांनी जर्मनीच्या कृत्रिम तेलाच्या कारखान्यांवर सातत्याने हल्ले केले. युद्धानंतरच्या अमेरिकी पाहणीनुसार जर्मनीचे विमान-इंधनाचे उत्पादन एप्रिलमध्ये १,७५,००० टन होते, ते जुलैत ३०,००० टनांवर आणि सप्टेंबरमध्ये ५,००० टनांवर आले. विमाने होती, पण उडवायला इंधन नव्हते. छापील नियमात मात्र बाँबहल्ल्याने पैसा जातो, हालचाल अडत नाही, आणि ही उणीव मला फार जाणवे.

आमचा नियम असा आहे. हल्ला करणारा ‘इंधन’ असे लक्ष्य जाहीर करतो आणि सर्व वाचलेल्या बाँबरच्या फाशांची बेरीज करतो. दर तीन गुणांमागे एक पांढरा चिंचोका मिळतो. उरलेले गुण वाया जातात. त्यानंतर हल्ला करणारा तो प्रदेश किंवा त्याला लागून असलेला शत्रूचा एक प्रदेश निवडतो, आणि मालक तिथल्या आपल्या रणगाड्यांपैकी किंवा विमानांपैकी कोणत्या सोंगट्यांवर चिंचोके ठेवायचे ते ठरवतो. अशी सोंगटी मालकाच्या पुढच्या पाळीत हलू शकत नाही, पण जागेवर बचाव करू शकते. पाळी संपली की चिंचोके वाटीत परत. एका प्रदेशातल्या अशा सोंगट्यांपैकी निम्म्यांपेक्षा जास्त कधीही अडवता येत नाहीत.

प्रदेश एकाने आणि सोंगटी दुसऱ्याने निवडायची, ही विभागणी सहज सुचलेली नाही. आधी दोन्ही निवडी मालकाकडे होत्या, तेव्हा तो मागच्या कोपऱ्यातल्या निरुपयोगी सोंगटीवर चिंचोका ठेवून मोकळा होई. मग दोन्ही हल्ला करणाऱ्याकडे दिल्या, तेव्हा एकाच बाँबरने नेमके तेच रणगाडे खिळवून ठेवले जाऊ लागले ज्यांच्यावर पूर्ण आघाडी उभी होती, आणि खेळ दोन पाळ्यांत संपू लागला. आताची वाटणी मधोमध बसते. तीन बाँबरच्या दिवसाच्या हल्ल्यात साधारण दोन-तीन सोंगट्या अडतात आणि तोफेमुळे ६ आयपीसीचा धोका पत्करावा लागतो. शत्रूचा मोठा हल्ला पुढच्याच पाळीत दिसत असेल तर ही किंमत योग्य वाटते, एरवी कारखानाच बरा. ही निवड डावागणिक बदलते, म्हणून हा नियम मला सर्वांत जास्त आवडतो.

सहावी पायरी : परीक्षा

एका वेळी एकच बदल आणावा. दोन नियम एकदम आणले आणि डाव बिघडला, तर कोणत्या नियमामुळे बिघडला हे कधीच कळत नाही. प्रत्येक बदलाचे निदान चार डाव व्हावेत, आणि दोन डावांनंतर बाजू बदलाव्यात; ज्याने नियम सुचवला तोच नेहमी हल्ला करत असेल तर परीक्षा खोटी ठरते.

वहीत प्रत्येक हल्ल्याची एक ओळ लिहावी : कोणती पाळी, कुठून कुठे, किती बाँबर, किती पाठराखी, किती अडवणारी, कोणाचे काय पडले, नुकसान किती झाले, आणि त्यातले किती दुरुस्त केले. शेवटचा रकाना लोक विसरतात, पण नुकसान खरोखर खिशाला लागले की नाही ते तिथेच कळते. अडवणारी फायटर प्रत्येक वेळी उठत असतील किंवा कधीच उठत नसतील, तर तो निर्णय मेलेला आहे असे समजून आकडा बदलावा. पाडण्याची मर्यादा दोनवरून एकवर आणणे किंवा पाठराख्यांची मर्यादा एकवरून दोनवर नेणे हे पहिले उपाय. किमतीला हात शेवटी लावावा, कारण बाँबरची किंमत बदलली की जमिनीवरच्या लढाईचा तोलही हलतो.

मात्र चार डावांच्या नशिबावर फार विसंबू नये. तोफेच्या तोंडून लागोपाठ सहा हल्ले सुखरूप परतण्याची बाँबरची शक्यता तीनात एक इतकी मोठी आहे. असे एखादे भाग्यवान बाँबर पाहिले की सगळे म्हणतात, नियम फार सोपा झाला. आणि पहिल्याच हल्ल्यात तीनपैकी दोन पडली की म्हणतात, फार कडक झाला. यावर उपाय म्हणून मी एकटाच परात घेऊन बसतो आणि तोच प्रसंग छत्तीस वेळा खेळून बघतो. अर्धा-पाऊण तास लागतो, शेजारच्या खोलीतून परातीच्या आवाजाची तक्रार येते, पण कागदावरचा हिशेब आणि परातीतली दाने यांचा मेळ बसतो की नाही ते दिसते. मेळ बसत नसेल तर बहुधा हिशेबात एखादी पायरी सुटलेली असते. माझ्याकडून तरी दोनदा असे झाले, आणि दोन्ही वेळा तोफेचा फासा हवेतल्या लढाईत पडलेल्या बाँबरलाही मोजला गेला होता.

नवा खेळाडू आला की पहिला डाव छापील नियमांनीच द्यावा. दुसऱ्या डावात फक्त अडवणारी आणि पाठराखी फायटर घ्यावीत, रात्र आणि इंधन तिसऱ्यापासून. आणि नियमाचा कागद दर वेळी नवीन तारखेसह पुन्हा लिहावा, जुना फाडून टाकावा. आमच्याकडे एकदा दोन कागद पटाशेजारी राहिले होते, आणि ब्रिटन एकावरून खेळत होता, जर्मनी दुसऱ्यावरून.